केराबाईच्या फोटोतला हार

केराबाईच्या कडक भाकरीला सोलापुरात नाव होतं, पण ते गल्लीपुरतं. म्हणून तिच्या लेकानं, भारतनं, वेबसाईट काढली. सून पूनमनं त्यावर घालायला बचत गटाच्या सत्कारातला सासूचा फोटो निवडला. डोक्यावर पदर, गळ्यात झेंडूचा घसघशीत हार. रंगीत फोटो भडक दिसतो म्हणून तो काळा-पांढरा केला, भोवती चंदनी चौकट काढली आणि खाली लिहिलं, ‘केराबाईंच्या हातची चव’. आता सांगा, असला फोटो बघून शहाणा माणूस काय समजेल? पण घरातल्या दीडशहाण्यांच्या डोक्यात काही शिरलं नाही. भारतनं तो जाहिरात म्हणून नात्यातल्या झाडून सगळ्या ग्रुपांवर टाकला.

"आई, बघ की! लोकं नुसते हात जोडाय लागल्यात," सकाळी तो नाचतच सांगत आला.

"सांगोल्याच्या ग्रुपावर टाकलंस न्हवं? मामानं बघितलं का?"

तिला तेवढंच हवं होतं. भारतच्या लग्नात मामाला फेटा बांधायचा राहिला आणि तिचा धाकटा भाऊ ज्ञानबा भरल्या ताटावरून उठून गेला. त्यानंतर त्यानं हा उंबरा पाहिला नव्हता. दर भाऊबीजेला ती ताट करून वाट बघायची आणि शेवटी चंद्राला ओवाळायची.

दुपारी ती भाकरी थापत असताना गल्लीतून हंबरडा ऐकू आला. "आक्के गं! मला न भेटताच गेलीस!"

ज्ञानबा! बगलेत कागदाचा पुडा घेऊन तो रडत दारात आला आणि पिठाच्या हातानं उठून उभ्या राहिलेल्या बहिणीला बघून तिथंच मटकन खाली बसला.

"तू... जित्ती हाईस?"

"मग? मला काय धाड भरलीया?"

पुडा त्याच्या बगलेतून निसटला. आतून हिरवं लुगडं बाहेर आलं आणि केराबाईला सगळं उमगलं. सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर घालायचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. ते भावानंच आणायचं असतं.

पूनमनं घाईघाईनं फोन उघडला. जोडलेल्या हातांखाली ओळीनं लिहिलेलं होतं, भावपूर्ण श्रद्धांजली. भारतनं हात तेवढे बघितले होते, पुढचं वाचलंच नव्हतं.

"मुडद्या!" केराबाई कडाडली. "भाकरी खपवायला आईलाच मारलंस व्हय रं?"

ज्ञानबानं डोळे पुसले आणि लुगडं उचलायला हात पुढं केला. "ऱ्हाऊ दे, आक्के. मढ्याचं हाय ते. नदीत सोडून येतो."

तिनं ते झटकन आधी उचललं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलं. हिरव्या काठाला पीठ लागलं. इतका वेळ चढलेला तिचा आवाज आता खाली आला.

"न्हाय देत. आजच नेसती. मेल्यावर मला कुटं दिसणार हाय, तू आलास का न्हाय ते?"