चकलांब्याच्या वेशीपर्यंत

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. ही गोष्ट मी लपवत नाही, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. पण चार वर्षं हैदराबादेत बसून अभ्यास केला, खानावळीचं खाल्लं आणि उमापूरला परतलो, तेव्हा मळ्यातून घरापर्यंत येताना दोनदा दगडावर टेकलो. डोक्यावर दोन-दोन घागरी घेतलेल्या बाया मला मागं टाकून गेल्या. त्यातली एक म्हणाली, "शिकून लई जड झालं म्हनायचं."

माझ्याकडं निजामाच्या जंगलात खात्याचा, म्हणजे वनखात्याचा, कागद होता. नोकरी मंजूर होती, पण एका अटीवर. दोन महिन्यांनी बीडला हजर व्हायचं आणि मोहतमीम साहेबांसमोर, म्हणजे खात्याच्या बड्या अंमलदारासमोर, उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत दहा कोस चालून दाखवायचं. जमलं नाही तर सनद फडक्यात बांधून ठेवायची आणि औत धरायचं. औताला मी कमी लेखत नाही. पण चार वर्षं माझ्या वाटचं औतही वडिलांनी एकट्यानं हाकलं होतं. ते पाण्यात गेलं असं गावानं म्हणावं, हे मला मान्य नव्हतं.

दम वाढवायला धावतात, एवढं मला ठाऊक होतं. कॉलेजच्या मैदानावर काही मुलं सकाळी धावायची आणि मी ते खिडकीतून बघायचो. तेव्हा दुसऱ्याच दिवशी उजाडताना विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं, धोतराचा काचा मारला, उपरणं खांद्यावर टाकलं आणि बोडक्या, ओल्या डोक्यानं चकलांब्याच्या गाडीवाटेनं पळत सुटलो. वाटेत खुरपणाऱ्यांनी विचारलं, "काय झालं?" मला बोलायला दम नव्हता. नुसता हात हलवला. कसाबसा चकलांब्याच्या वेशीपर्यंत पोचलो. तिथं आडावरच्या माणसानं पोहरा पुढं केला. धावताना पाणी पिऊ नये असं ऐकलं होतं, म्हणून मान हलवली, वेशीला हात लावला आणि मागं वळलो.

आता हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायची गरज नाही, पण मी चार वर्षांत विसरलो होतो. डोकं ओलं आणि बोडकं, वाटेत कुणाशी बोलत नाही, गावात शिरत नाही, पाणी घेत नाही, वेशीवरून परत फिरतो. आमच्याकडं असा माणूस मयताचा सांगावा घेऊन आलेला असतो. चकलांब्यात माझी आत्या दिलेली. आडावरच्या माणसानं मला ओळखलं होतं.

दुपारी आमच्या दारात गाडी थांबली. आत्या गाडीतूनच गळा काढत उतरली. वडील ओट्यावर वाख घेऊन दोरी वळत बसले होते. ती थांबली, त्यांच्याकडं बघत राहिली.

"आप्पा, तू मेला न्हाईस?"

"मेलो असतो तर ही दोरी कोन वळतंय, अक्का?"

मग आत्यानं माझ्याकडं मोर्चा वळवला. "कावून पळत आलतास रं मुडद्या? माजी चूल विजवली, भाकरी तव्यावर करपली." मी दमाचं, परीक्षेचं सांगितलं. ती म्हणाली, "मंग चांगलं काय घडल्याबिगर माज्या गावाकडं पळत यायचं न्हाई. आन येशील तवा डोक्याला पटका बांधून ये."

त्या दिवशी ओट्यावर शेजारचा धनगर बसलेला होता, वडिलांच्याच वयाचा. तो पोट धरून हसत होता. वडील मला म्हणाले, "पळायचंच तर कशाच्या तरी मागं पळ. नुसता पळनारा मानूस गावाला भ्या दावतो." धनगर म्हणाला, "माज्या मेंढरामागं चल. दोन महिन्यात हरिण करून देतो."

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्यासोबत माळावर. मला वाटलं होतं, मेंढरांमागं चालायचं म्हणजे रमतगमत. मेंढरं कुणासाठी थांबत नाहीत. चार मेंढरं कुणाच्या शाळूकडं वळली, की मागून हाकलून उपयोग नसतो, ती आणखी आत घुसतात. लांबून वळसा घालून त्यांच्या पुढं जायचं, तेही ती पोचायच्या आत. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक वेळी उशिरा पोचलो आणि शेतवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. धनगर काठीवर हनुवटी टेकून म्हणायचा, "कालेजात अंडी उबवत होतास का बे?"

मी चिडायचो, पण गेलो नाही असा एक दिवस नाही. पाय फुटले तर एरंडाचं पान तापवून बांधलं. दुपारी विहिरीत पोहायचो. काठावरून उडी, बुडून तळाची माती आणायची पैज. संध्याकाळी पडीक रानात काठीनं पाट्या आखून आम्ही मोठी माणसं आट्यापाट्या खेळायचो. पाटी धरून उभ्या असलेल्याला हुलकावणी देत पार जायचं, पुन्हा परत यायचं. सुरुवातीला मी पहिल्याच पाटीवर बाद. मग दुसऱ्या, मग चौथ्या. एका संध्याकाळी सगळ्या पाट्या ओलांडून परत आलो. तेव्हा लक्षात आलं, की आज दिवसभरात मी दम मोजलाच नव्हता.

बीडला आम्ही सहा उमेदवार होतो. मांजरसुंब्यापर्यंत जाऊन परत यायचं होतं. साहेब घोड्यावर. बाकीच्यांच्या पायात नवे बूट, माझ्या पायात गावच्या वहाणा. घाट चढताना दोघं बसले. परतीला माझ्याही पोटरीत गोळा आला. खरं सांगतो, बसावंसं वाटलं. मग पुढं मेंढरं गेलीत असं धरलं. ती शाळूत शिरायच्या आत मला पुढं जायचं होतं. पाय आपटत निघालो. बीडच्या वेशीत आलो तेव्हा दिवस हातभर वर होता.

साहेबांनी विचारलं, "चलना कहाँ सीखे?"

"मेंढियों के पीछे, हुजूर."

ते हसले नाहीत. कागदावर सही केली.

गावी आल्यावर वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "अक्काला सांगून ये." मी खुंटीवरचा त्यांचा पटका काढला, नीट बांधला आणि चकलांब्याकडं पळत सुटलो. वाटेत लोक उभे राहिले की मी पळता पळताच ओरडायचो, "समदे जित्ते हायत. नोकरी लागली." यावेळी बोलायला दम उरत होता.

वेशीवर थांबलो नाही. आडावर पोहराभर पाणी प्यालो आणि गावात शिरलो. आत्या दारात भाकरी थापत होती. तिनं आधी माझं डोकं बघितलं, मग तव्यावरची भाकरी उलटली.

"बस," ती म्हणाली. "ही करपायची न्हाई आज."