पट्टे नसलेलं इंजिन

माझा मामा कधी खोटं बोलत नसे. हे मी कौतुकानं सांगते आहे असं समजू नका. खोटं न बोलणाऱ्या माणसाबरोबर संसार करणं किती जिवावर येतं, ते मामीला विचारा. भाजीत मीठ कमी असलं की पाहुण्यांसमोरही तो 'कमी आहे' असंच सांगायचा. 'छान झालीये' एवढे दोन शब्द छत्तीस वर्षांत तिच्या वाट्याला आले नाहीत.

तरुणपणी तो रेल्वेत वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकणारा फायरमन होता. पुढे इंजिनांची शेड बंद झाली, तेव्हा त्याला भांडारात बसवलं आणि तिथे एकोणीस वर्षं तो खिडकीतून नट-बोल्ट देत राहिला. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यानं मागच्या खोलीतला पलंग, कपाट आणि मामीचं शिवणयंत्र बाहेर काढलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेबल ठोकलं आणि त्यावर आपली जुनी शेड उभी करायला घेतली. बोटभर रुंदीचे रूळ, पाण्याची टाकी, राख टाकायचा खड्डा. कोळसा मात्र खरा हवा, म्हणून तो मामीच्या खलबत्त्यात कुटला. त्या दिवशी घरात जे झालं ते मी इथे लिहीत नाही.

मी दातांच्या कवळ्या करते. हात स्थिर, डोळ्याला भिंग लावायची सवय, त्यामुळे रंगकाम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

रेल्वेची मॉडेलं करणारी माणसं एखादं साल धरतात. मामानं दिवस धरला होता, एकोणीस नोव्हेंबर. तेव्हा वाफ जात होती आणि डिझेल येत होतं. डिझेल चालवायला शिकवणाऱ्या शाळेसाठी अर्ज द्यायचा तो शेवटचा दिवस. शेडमध्ये फायरमन चौदा आणि शाळेत जागा सहा. दुपारी पाळी बदलताना चौदाही जण नोटीस बोर्डाखाली जमले आणि त्यांनी शब्द दिला की घेणार असतील तर सगळ्यांना घ्या, नाहीतर आमच्यातला एकही अर्ज करणार नाही. ही कल्पना शिट्टीकाकांची. मामाचा जिवलग दोस्त. गाडी सुटताना शिट्टी लांबवायची खोड होती, म्हणून हे नाव.

कुणीच अर्ज केला नाही. वरच्यांनी दुसऱ्या गावांतून माणसं आणली आणि दीड वर्षात शेडला कुलूप लागलं. त्यानंतर शिट्टीकाकांना साहेबांनी म्हणे नावानिशी बोलावून डिझेलवर घेतलं. मामाला त्याचाही आनंदच झाला होता. निदान आपल्यातला एक तरी मार्गी लागला, असं तो म्हणायचा. भांडारातल्या एकोणीस वर्षांबद्दल त्याची तक्रार नव्हती. 'चौदा माणसं एका शब्दावर उभी राहिलेली मी पाहिली आहेत,' एवढ्यावर त्याचं भागत होतं. टेबलावरच्या बोर्डाखाली नखाएवढी चौदा माणसं मी रंगवून चिकटवली होती. सगळ्यांत पुढे खांद्याला खांदा लावून मामा आणि शिट्टीकाका.

वाफेची इंजिनं पटकन जमली. घोडं अडलं ते डिझेलपाशी. त्या दिवशी यार्डात एक डिझेल चाचणीसाठी येऊन उभं होतं, त्यामुळे टेबलावरही एक हवंच. पण कोणतं? माझ्या नवऱ्यानं वाढदिवसाला हौसेनं एक लांब नाकाचं, लालभडक इंजिन आणलं. मामानं डबा उघडला, बंद केला आणि 'हे दोन वर्षांनी आलं' म्हणून परत दिला. नवरा आठवडाभर फुगून बसला होता. दुसऱ्याच्या टपावर भोंगे दोन होते, हवा होता एक. तिसऱ्याचा रंग नंतरचा निघाला. शेवटी जुन्या वह्यांमधून एकच नंबर उरला, पाचशे बारा. त्याचं मॉडेलही मिळालं, पण त्याच्या तोंडावर पिवळे-काळे पट्टे. फाटकात अपघात झाल्यावर सगळ्या डिझेलांवर ते पट्टे मारायचा हुकूम निघाला होता, आणि तो कागद मामाकडे होता. हुकूम पुढच्या एप्रिलचा. म्हणजे नोव्हेंबरात पट्टे नसणार. पण नसणार यावर मामाचं समाधान होईल तर शपथ. त्याला फोटो हवा होता.

फोटो दिला शिट्टीकाकांनी. ते दर रविवारी चार वाजता बिस्किटांचा पुडा घेऊन यायचे. त्या रविवारी पाकीटही आणलं. "बघ, पाचशे बारा. पट्टे आहेत का? नाहीत," असं म्हणून त्यांनी टाळी मागितली आणि मामानं दिली. मामा इतका खूश मी क्वचितच पाहिला होता.

सोमवारी मी भिंग लावून फोटोवरून रंग जुळवत बसले होते. इंजिनाच्या खिडकीत एक माणूस दिसला. दंडावर शिकाऊ उमेदवारांची पांढरी पट्टी. ओळखू यायला वेळ लागला नाही, ते सुपासारखे कान लपणारे नव्हते.

"मामा, हे तर शिट्टीकाका," मी म्हटलं. "ते डिझेलवर शेड बंद झाल्यावर गेले ना?"

जीभ चावावीशी वाटली, पण उशीर झाला होता. मामानं माझ्या हातातून भिंग घेतलं. बराच वेळ तो फोटोवर वाकून राहिला. मग हुकमाचा कागद काढला, तारीख वाचली, पुन्हा फोटो पाहिला. पट्टे नाहीत म्हणजे एप्रिलच्या आतला, आणि पांढरी पट्टी म्हणजे डिझेल शाळेतला. त्या नोव्हेंबरनंतर तीन महिने शिट्टीकाका गावी होते, वडील अंथरुणाला खिळलेत म्हणून. ते तीन महिने त्यांच्या निम्म्या पाळ्या मामानं केल्या होत्या. रोज वडिलांची तब्येत विचारणारी पत्रंही लिहायचा, मामी म्हणाली. मामा आठवडाभर जेवला, झोपला, पण मागच्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

रविवारी चारला पुडा आला. मामी चहा ठेवून गेली. मामानं फोटो पुढे सरकवला आणि कधीचा आहे असं विचारलं.

"पट्टे नाहीत, म्हणजे जुनाच," शिट्टीकाका म्हणाले. आणि स्वतःचंच बोलणं कानावर पडताच त्यांनी फोटो उलटा करून ठेवला.

"अर्ज कधी दिला होतास?"

काकांनी कप खाली ठेवला. "त्याच दिवशी. सकाळी."

"आणि दुपारी आम्हाला बोर्डाखाली उभं केलंस."

"जागा सहा होत्या," काका म्हणाले. "यादी नोकरीच्या वर्षांवर लागणार होती. तू दुसरा होतास, मी नववा. तुम्ही सगळ्यांनी अर्ज केले असते तर माझा नंबर लागला असता का, सांग. घरात पाच तोंडं होती."

मला तो चहा उचलून त्यांच्या अंगावर फेकावासा वाटला. केसानं गळा कापणं आजवर नुसतं ऐकून होते. वीस वर्षांहून जास्त हा माणूस या घरात बिस्किटं बुडवून खात होता आणि मामा त्याच्या मोठेपणाच्या गोष्टी आम्हाला सांगत होता. माफी तर सोडाच, हिशेब पटवून द्यायला निघाला होता.

मामा ओरडेल असं मला वाटलं होतं. त्यानं विचारलं, "त्या दिवशी पाचशे बारा कोणत्या रुळावर उभं होतं?"

काका गोंधळले. "तीन नंबरच्या."

"बरोबर," मामा म्हणाला आणि उठून त्यांच्यासाठी दार उघडलं.

त्यानंतर शिट्टीकाका आले नाहीत. पुडा तसाच राहिला, मामीनं तो शेजारी देऊन टाकला. दोन आठवड्यांनी मामानं मला बोलावून घेतलं. पट्टे खरवडून, रंग देऊन मी पाचशे बारा तयार केलं, पण हातात घ्यायला माझं मन होईना. कशाला ठेवायचं हे इथे, असं मी विचारलं.

"इंजिनानं काय केलंय?" मामा म्हणाला. "ते होतं. जे होतं ते असणार."

मी ते तीन नंबरच्या रुळावर ठेवलं. मामानं भिंग लावलं, पातळ पातं घेतलं आणि बोर्डाखालचा मामाशेजारचा माणूस पायांपासून सोडवला. शेजारच्याला धक्का लागू दिला नाही. तिथे डिंकाचा वाळलेला ठिपका राहिला आणि मामाचा माणूस एका बाजूला झुकून उभा असल्यासारखा दिसू लागला. मला ते बघवेना. त्या जागी दुसरा कुणी लावू का, असं मी विचारलं.

"नको," मामा म्हणाला. "त्या दिवशी आम्ही तेराच होतो."