वळणावर मारलेली हाक

ईशान, तारा — हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. आता लिहिते, कारण गेल्या रविवारी फोनवर तारा म्हणाली, "आजी, मीही घोड्यावरून अडथळे ओलांडायला शिकतेय," आणि मागून तुमची आई म्हणाली, "सरांनी मध्येच हाक मारली तर वळून बघू नकोस हं. माझा हात तसाच मोडला."

सरांची हाक. तीस वर्षं ती हेच धरून आहे.

सर म्हणजे नाना. नव्वदच्या दशकात, सुरतेत, चौदा वर्षांच्या मीराला, तुमच्या आईला, ते घोडेस्वारी शिकवायचे. मूळचे धुळ्याकडचे, घोडदळातून निवृत्त, राहायला लिंबायतला. त्यांचा धडा एकच — एक अडथळा ओलांडला की नजर पुढच्यावर. घोड्याच्या मानेवर नाही, जमिनीवर नाही. वळताना तर नाहीच. स्वार जिकडे बघतो तिकडे त्याचं अंग कलतं, आणि घोडं तिकडेच जातं. मी ते वहीत स्वच्छ अक्षरात उतरवलं होतं, इंग्रजी पुस्तकाशी ताडून. नाना हसायचे. "ताई, वही मिटा. घोड्याले वाचता येत नही."

म्हणजे मला माहीत होतं. लिहायचंय ते हेच — मला माहीत होतं.

त्या सकाळी मैदानाच्या कडेला नाना आणि मी, दोघंच होतो. दुसरा अडथळा ओलांडून मीरा वळली. नजर बरोबर पुढे. फक्त टाच उचललेली — आणि चूक दिसल्यावर मी कधी गप्प बसले आहे? "मीरा!" मी ओरडले. टापांच्या आवाजात तिला आपलं नाव तेवढं ऐकू आलं, हाक कोणाची ते कळलं नाही. तिनं कडेला पाहिलं. घोडं भरकटलं, अडथळ्याच्या खांबावर आदळलं. ती कोपरावर पडली.

दवाखान्यात तुमच्या आजोबांनी विचारलं, "हाक कोणी मारली?"

"नानांनी," मी म्हणाले.

नाना दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "चुकलं, साहेब."

का म्हणाले? मी कधी विचारलं नाही. त्यांचं काम गेलं. पुढे एकदा लिंबायतमध्ये एका यंत्रमाग कारखान्याच्या फाटकाशी ते रखवालदाराच्या स्टुलावर बसलेले दिसले. मी रिक्षात होते. थांबवता आली असती. मी नजर समोरच ठेवली.

नाना आता नाहीत. हेच सगळं मी तुमच्या आईलाही लिहिलं आहे. तिचा डावा हात कोपरात अजून पूर्ण सरळ होत नाही. वही माझ्या कपाटात आहे. नानांचा धडा त्या वहीत आहे, आणि तो बरोबर आहे.