कलिंगडाचा मोर आणि फळांचं कालवण

मोठ्या सरांना मधुमेह होता, म्हणून त्यांच्या निवृत्तीला केक कापायचा नाही, एवढं ठरवायला आमच्या शाळेला तीन बैठका लागल्या. चौथ्या बैठकीत ज्येष्ठ मॅडमनी मोबाइल पुढे केला. त्यात एक बाई हसत हसत कलिंगडातून मोर कोरत होती. मोराचा पिसारा किवी आणि द्राक्षांचा, आणि मधोमध एका वाटीत पांढरंशुभ्र काहीतरी.

"फ्रूट प्लॅटर," मॅडम म्हणाल्या, "आणि ते वाटीत आहे ना, ते डिप."

साल २०१८. आमची शाळा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, व्हिडिओ मात्र अजिबात न अडखळता यायचे. कुणीतरी शंका काढली की कलिंगड-द्राक्षांत साखर नसते का. मॅडम म्हणाल्या, "फळांतली साखर नैसर्गिक असते, ती चालते." त्या आम्हांला सीनियर होत्या आणि विज्ञान शिकवायच्या, त्यामुळे विषय तिथेच संपला.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण असं की डी.एड.च्या आधी मी नाशिकला हॉटेल मॅनेजमेंट केलंय, असं मी एकदा डबा खाताना बोलून गेलो होतो. ते पाच महिन्यांत सोडलं आणि त्या पाचांतला बराचसा काळ कांदे सोलण्यात गेला, हे सांगायची वेळ आली नव्हती. आता आली होती. मी म्हणालो, "मोर काही विशेष अवघड नसतो."

"चिकू मात्र नको हं," मॅडमनी बजावलं. "चिकू काय, सगळ्यांच्याच घरी असतात." डहाणूच्या बाजूला राहून चिकूला ओळख न दाखवणं हे सुधारल्याचं लक्षण होतं. मी स्वतः घाटावरून आलेला, डहाणूला भाड्याने राहणारा. पहिल्या वर्षी मी इतके चिकू खाल्ले होते की घरमालकीण काळजीत पडली होती. पण मीही मान हलवली.

शाळेत खिचडी शिजवायला एक मावशी होत्या. दीड-दोनशे मुलांचं रोज एकट्या रांधायच्या. शाळेच्या मागच्याच पाड्यावर त्यांचं घर. घरी त्यांची भाषा वेगळी, आमच्याशी मराठी, तीही मोजकी. आदल्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकखोलीत चक्का टांगायला गेलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "हे कशाला, सर?"

"डिप करायचंय. दह्यात मध आणि पुदिना घालायचा. मग फळ त्यात बुडवून खायचं."

त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे फळांचं कालवण."

"कालवण नाही, मावशी. डिप."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि तांदूळ निवडायला लागल्या.

कलिंगड शाळेच्या वाटेवरच मिळणार होतं; किवी, काळी द्राक्षं आणि एक ड्रॅगन फ्रूट मी डहाणूच्या बाजारातून आणलं. ड्रॅगन फ्रूट एकच, कारण फळवाल्याने भाव सांगितल्यावर एकच पुरेसं आहे असं माझ्या लक्षात आलं. सगळं गार राहावं म्हणून घरमालकिणीकडून थर्माकोलचा खोका घेतला. त्यांचा मासळीचा व्यवसाय. "धुतलाय स्वच्छ," त्या म्हणाल्या. मी वास घेऊन पाहिला. दारात बोंबील वाळत असताना खोक्याचा वेगळा वास कळणं माझ्या नाकाला जमलं नाही. खोक्यात बर्फ भरला, फळं कापून भरली, मोटरसायकलला बांधला आणि सकाळी सातला निघालो.

एप्रिलचा शेवटचा दिवस. कार्यक्रम अकराला. मी आठ वाजता मोर कोरायला बसलो. व्हिडिओत त्या बाईला चार मिनिटं लागली होती. मला सव्वादोन तास लागले. मान, चोच, तुरा. टूथपिकांनी टेकू दिले. शेवटी हात पुसून मी जरा मागे सरकून बघत होतो, तेवढ्यात मावशी पाण्याची कळशी घेऊन आत आल्या. थांबून पाहिलं.

"कोंबडी छान झाली," त्या म्हणाल्या.

त्यांना कौतुकच करायचं होतं. म्हणून मी आभार मानले. मोर उचलून परातीत ठेवायला गेलो आणि मान तुटून खाली पडली. टूथपिकने पुन्हा जोडली, ती अर्ध्यातून वाकडी झाली. आता तो मोरही नव्हता आणि कोंबडीही नव्हती.

मग मॅडम आल्या. खोक्यातली किवीची एक चकती तोंडात टाकली आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "ह्याला बोंबलाचा वास येतोय."

मी खाल्ली. येत होता. द्राक्षांनाही येत होता. ड्रॅगन फ्रूटला स्वतःची चव अशी काही नव्हतीच, त्यामुळे त्याने तर बोंबलाची पूर्ण घेतली होती. राहता राहिलं डिप. चक्का रात्रभर टांगायचा तो मी तीन तासांत उतरवला होता, उन्हाने त्याला आणखी पाणी सुटलं होतं, आणि मध घातल्यावर तो डावातून धार धरून पडायला लागला. मावशींनी वाकून बघितलं. "ताक चांगलं झालंय," त्या म्हणाल्या.

बाहेर मंडपात पाहुणे बसलेले. गावातली मंडळी, पालक समिती, मोठे सर आणि त्यांच्या पत्नी. मी मात्र खोलीमागे पालथ्या पातेल्यावर बसलो होतो. मोठ्या सरांनी मला नोकरीच्या पहिल्या वर्षी हजेरीपत्रकाच्या एका खाडाखोडीसाठी तीनदा बोलावलं होतं. तो माणूस जाताना मी त्याला काय देणार होतो, तर मान मोडलेला मोर आणि मासळीचा वास. बाहीने डोळे पुसले. रडू म्हणायची माझी तयारी नव्हती, पण होतं तेच.

मावशी बाहेर आल्या. "किती माणसं?"

"पंचवीसेक."

"साहेब निघाले का?"

तालुक्याचे साहेब प्रमुख पाहुणे होते. मी म्हणालो, "दोनदा फोन केला. निघालोय म्हणतात."

"मग वेळ आहे," मावशी म्हणाल्या आणि पाड्याकडे चालू लागल्या.

पाऊण तासाने त्या आणि त्यांची जाऊ अशा दोघी डोक्यावर टोपल्या घेऊन आल्या. घरामागच्या ताडाचे त्याच सकाळी उतरवलेले ताडगोळे. पांढरे-गुलाबी, घंटेच्या आकाराचे जाम. डोंगरातली काळी करवंदं, आणि चार कैऱ्या. साहेब अजून निघालोयच म्हणत होते. मावशींनी परातीत सागाची पानं अंथरली. ताडगोळे मधोमध रचले, बर्फाच्या ढिगासारखे. भोवती जाम, कडेने करवंदांची काळी किनार. माझ्या मोराकडे त्यांनी एकदा पाहिलं, मला विचारलं, "कापू?" आणि मी हो म्हणताच दोन मिनिटांत त्याच्या सरळ, समजूतदार फोडी केल्या. कैरी, मिरची, मीठ आणि थोडा गूळ पाट्यावर वाटून ती चटणी वाटीत ठेवली.

"हे लावून खायचं," त्या म्हणाल्या.

साहेब पावणेएकला पोचले. परात बघून थांबले. खिशातून मोबाइल काढला.

"वा. लोकल थीम. कुणाची कल्पना?"

मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे केलं. "आमचे सर. हॉटेल मॅनेजमेंट केलंय त्यांनी."

मावशी हाताच्या अंतरावर उभ्या होत्या, पाण्याच्या ग्लासांचा ट्रे धरून. आणि मी म्हणालो, "थोडासा प्रयत्न केला, सर."

एवढंच वाक्य. त्यात व्याकरणाचीही चूक नव्हती. मावशींनी ग्लासांकडे पाहिलं, एक ग्लास भरला नव्हता, तो भरायला त्या आत गेल्या.

भाषणं झाली. साहेबांनी शिक्षकाच्या प्रामाणिकपणावर चांगली वीस मिनिटं घेतली. मग खायला सुरुवात झाली. मोठ्या सरांनी पहिला ताडगोळा उचलला, वरची पातळ साल नखाने बरोबर काढली, गर तोंडात टाकला, पाणी एक थेंब खाली सांडू दिलं नाही. लगेच दुसरा.

त्यांच्या पत्नी बघत राहिल्या. "तुम्हांला हे कधीपासून आवडतात?"

"पहिल्यापासून," सर म्हणाले. "दरवर्षी मावशी ठेवतात माझ्यासाठी. मधल्या सुट्टीत स्वयंपाकखोलीत खातो."

म्हणजे त्यांना पहिल्या घासालाच कळलं होतं. हात धुवायला ते बाहेर आले तेव्हा मी टॉवेल घेऊन उभा होतो. हात पुसता पुसता त्यांनी विचारलं, "ताडावर तुम्ही चढलात?"

त्यांनी टॉवेल घडी करून परत दिला. पूर्वीसारखं तीनदा बोलावलं असतं तर बरं झालं असतं. पण ते निवृत्त झाले होते.

साहेबांनी काढलेला फोटो तालुक्यातल्या सगळ्या शिक्षकांच्या ग्रुपवर माझ्या नावासकट फिरला. अंगठे आले, फुलं आली. मी प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मे महिन्यात गावी गेलो तर आईलाही तो फोटो पोचला होता. जूनमध्ये शाळा सुरू झाली, मावशी पूर्वीसारख्याच "सर" म्हणत होत्या, खिचडी वाढत होत्या. त्यांनी विषय काढला नाही, म्हणून मीही काढला नाही. असल्या बाबतीत मी फार समंजस आहे.

सप्टेंबरमध्ये साहेबांचा फोन आला. तलासरीला शिक्षकांचा सत्कार आहे, शंभरएक माणसं येतील, तुमची ती परात पाहिजे. नाही म्हणायला मला कारण सुचेना. खरं कारण होतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

मी स्वयंपाकखोलीत गेलो. मावशी चूल सारवत होत्या. दाराशी उभं राहून सगळं सांगितलं. मग म्हणालो, "मावशी, त्या दिवशी मी चुकलो. तुमचं नाव सांगायला हवं होतं."

"हो," त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं, असू द्या म्हणतील. मी वाट बघितली. त्या सारवत राहिल्या.

"तलासरीला याल का माझ्याबरोबर?"

"येते. आता ताडगोळे नाहीत. पपई, पेरू, केळी घेऊ. काकडी माझ्या वाडीतली." सारवण झालं तशा त्या उठल्या, हात धुतले. "काम झालं की मी खुर्चीवर बसणार. कार्यक्रम बघणार. इतकी वर्षं भाषणं ऐकली ती भिंतीपलीकडून."

तलासरीच्या सभागृहात आम्ही दोघांनी सकाळीच तीन पराती भरल्या. कापणं त्यांचं, धुणं-सोलणं माझं. नाशिकलाही माझ्या वाट्याला सोलणंच आलं होतं. साहेबांनी मला मंचावर बोलावलं, तेव्हा मी माइकजवळ जाऊन सांगितलं, "हे आमच्या मावशींनी केलंय. मागच्या वेळचंही त्यांचंच होतं. मी फक्त मोर केला होता, तो मोडला."

सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. साहेबांनी माइक घेतला आणि म्हणाले, "बघा, आमचे शिक्षक किती नम्र आहेत." म्हणजे खोटं बोललो तेव्हा लगेच पटलं होतं, आणि खरं बोललो त्याचा विनय झाला. मी पुन्हा म्हणालो, "सर, खरंच त्यांनी केलंय, त्या बघा तिथे बसल्यात." लोकांनी माना वळवल्या. मावशी दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसल्या होत्या. त्यांनी होकाराची मान हलवली. साहेबांचं हसू जरा कमी झालं, मग त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि साहेबांनी वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

मी खाली येऊन त्यांच्या शेजारी बसलो. थोड्या वेळाने छातीला बिल्ला लावलेले एक गृहस्थ आले. त्यांनी टाळ्याही वाजवल्या असाव्यात. वाकून म्हणाले, "मावशी, चहाचं जरा बघता का?"

"मी आज बसलेय," मावशी म्हणाल्या.

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. आत जाऊन शंभर कप मांडले, किटलीने भरले, दोन ट्रे करून रांगारांगांतून फिरवले. ओळखीचे शिक्षक "अरे सर, तुम्ही कशाला" म्हणत कप उचलत होते. मावशींपुढे ट्रे धरला तेव्हा त्यांनी उरलेल्या दोन कपांकडे पाहिलं आणि जास्त भरलेला घेतला.

परतताना हायवेवर बसची वाट बघत उभे होतो. रिकाम्या पराती माझ्याकडे. मी विचारलं, "कसा वाटला कार्यक्रम?"

"शेवटचे दोन साहेब बोलले तेव्हा झोप लागली," मावशी म्हणाल्या. "पण तुमच्या पलीकडचे सरही झोपले होते."

बस आली. गर्दी होती. त्यांना खिडकीपाशी जागा मिळाली, मी पराती छातीशी धरून उभा राहिलो.