कमलची पहिल्या रांगेतली खुर्ची

सोसायट्यांमधल्या बायांनो, आपल्यापैकी एकीनेही स्वतःच्या सोसायटीचा कार्यक्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहिलेला नाही.

आपण स्टेजमागे वडे तळत असतो.

कमल तर पंधरा वर्षं तळत होती. आज तिला जाऊन एक वर्ष झालं.

पुण्याजवळ रावेतमध्ये ती माझ्या खालच्याच मजल्यावर राहायची. आमची सोसायटी उभी आहे ती तिच्या सासऱ्यांच्या शेतावर. मी शाळेत शिकवणारी, म्हणून प्रत्येक कार्यक्रमात मी माईकवर आणि कमल पडद्यामागे कढईवर.

आणि मी बोलायचे काय? बाईने चुलीपासून सुटलं पाहिजे.

टाळ्या पडायच्या.

एकदा विचारलं, "कमल, माझं भाषण ऐकू येतं का गं तिकडे?"

"येतं की मास्तरीण. निम्मं. निम्मं तेलच बोलतं."

हे वाक्य माझ्या सगळ्या भाषणांना पुरून उरलं.

मग तिच्या मुलीने मोठा आउटडोअर एअर फ्रायर आणला. तेलाऐवजी गरम वाऱ्यावर भाजणारा; टायमर लावला की आईला जवळ उभं राहायला नको. लहान कपाटाएवढा, चाकांवरचा, काचेच्या दाराचा, आत जाळीचे चार ट्रे. पार्किंगच्या कडेला उभा केला.

पहिल्याच कार्यक्रमाला कमलने त्यात नेहमीचे बटाटेवडे लावले. ओलं बेसन जाळीतून गळलं, उरलेलं आतल्या वाऱ्याने उडालं. बाहेर आली नुसती पिवळी भाजी.

आमचे सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, वड्यांचे कपडे कुठे राहिले? पुढच्या वेळी आपली कढईच बरी."

सगळे हसले. कमलही हसली आणि पुन्हा पडद्यामागे गेली. भाषण परत निम्मंच.

मला वाटलं, संपलं. ही आता कधीच समोर बसणार नाही.

पण कमल हट्टी. महिनाभर त्या मशीनशी झगडली. शेवटी जाहीर केलं, "ह्याला वलं न्हाई चालत. घट्ट पाहिजे, आन् मधनं वारं जायला जागा पाहिजे."

वाफवलेल्या कोथिंबीर वड्या त्यात कुरकुरीत केल्या. मक्याची कणसं भाजली. नानकटाई बेक केली. तापमान अगदी कमी ठेवून कैरीच्या फोडीसुद्धा वाळवल्या.

पुढच्या कार्यक्रमाला तिने ट्रे लावले, टायमर फिरवला, पदराला हात पुसले.

आणि येऊन पहिल्या रांगेत बसली.

मी स्टेजवर दोन वाक्यं विसरले.

मध्येच मशीनची बेल वाजली. सवयीने कमल उठली.

मी माईकवरूनच म्हटलं, "कमल, खाली बस. सेक्रेटरी साहेब, ट्रे फिरवायचेत. तेवढं बघता का?"

ते उठले. अख्ख्या सोसायटीसमोर, हातमोजे घालून.

नंतर कोथिंबीर वडी खाताना मी विचारलं, "कसं झालं?"

"ब्येस. पर शेवट लई लांबवतीस."

तशी चार भाषणं तिने ऐकली. मग थोडक्या आजारात गेली.

लोकांना वाटतं, आज मी रडत असेन. खरं सांगू? मला हायसं वाटतंय. फार उशिरा, पण वेळेत झालं. निम्मं ऐकून गेली असती, तर मला पुन्हा माईक हातात धरवला नसता.

कमल, आज शेवट लांबवत नाही. तुला मनापासून निरोप.

आणि बायांनो, तुमच्या पुढच्या कार्यक्रमाला स्टेजमागे जी उभी असेल, तिला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवा. ती बसेपर्यंत माईक सुरू होऊ देऊ नका.