माझ्या बँजोला सांभाळून घेणाऱ्यांविरुद्ध

गावी असताना मी पत्रकं लिहायचो. पाण्यासाठी, रस्त्यासाठी, एस.टी.च्या बंद पडलेल्या फेरीसाठी. पत्रकाचा एकच नियम मला शिकवला गेला होता: आरोप पहिल्या परिच्छेदात करायचा, गोल गोल फिरायचं नाही. तर आरोप असा. रियाधमधल्या माझ्या माणसांनी वर्षभर मला खोटी दाद दिली आणि त्यांत सगळ्यांत पुढे माझा मित्र होता.

मी रियाधच्या अल सुलै भागातल्या एका गोदामात फोर्कलिफ्ट दुरुस्त करतो. त्याआधी काही महिने धाहरानला तेल कंपनीत शटडाऊनच्या, म्हणजे यंत्रं बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या कामावर होतो. तिथे नोकरी संपवून मायदेशी निघालेल्या एका अमेरिकन म्हाताऱ्याने घर रिकामं करताना आपला बँजो मला देऊन टाकला. आपल्याकडे वरातीत वाजतो तो बटणांचा नव्हे. डफासारखं गोल तोंड, लांब दांडी आणि पाच तारा, त्यांतली पाचवी आखूड. वाजवायची रीतही त्यानेच दाखवली. हाताचा पंजा आखडायचा, तार बोटाने उचलायची नाही, नखाने वरून हाणायची. मग सगळ्या तारांवर एक फटका आणि लगेच अंगठा आखूड तारेवर. धम्-चिक-टिंग. "हे एकदा हातात बसलं की बाकीचं येतं," असं काहीसं इंग्रजीत म्हणून म्हातारा विमानात बसला.

हातात बसलं. इतकं बसलं की उठेना.

मित्र इथल्या बत्हा बाजारात मामाच्या मोबाइलच्या दुकानात असतो. माझ्या गावासमोर खाडी, खाडीपलीकडे त्याचं घर. लहानपणी शेजारच्या वाडीच्या जाखडी नाचात हा ढोलकीला बसायचा. शुक्रवारी नमाज आणि जेवण उरकून तो माझ्या खोलीवर यायचा, पाण्याच्या कूलरची रिकामी निळी मोठी बाटली मांडीवर घ्यायचा आणि साथ धरायचा. गवळण घ्या, भलरी घ्या, कोळीगीत घ्या, खोलीतले सगळे डोलायचे. "वाघ आहेस भावा, वाघ!" हे त्याचं ठरलेलं.

मग इथल्या मराठी कुटुंबांचा कार्यक्रम ठरला, शहराबाहेर भाड्याने घेतलेल्या इस्तिराहात. उंच भिंती, आत हिरवळ, एक हॉल. मुलं गाणार आणि मागे साथ आम्हा दोघांची. तालीम झाली, सगळे छान छान म्हणाले. आता हे कुणाला पोरकट वाटेल, वाटू दे. गावी मी माइकशिवाय भर बाजारात बोलणारा माणूस. इथे इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, खिशात ठेवायचा आणि तोंड मिटून राहायचं. जे बोलता येत नव्हतं ते सगळं मी त्या पाच तारांत घातलं होतं. चार माणसांपुढे ते वाजवायला मला मिळायलाच हवं होतं.

बँजो खांद्याला लावून पोचलो, तर हॉलमध्ये कीबोर्ड मांडलेला. शेजारी मित्र, मांडीवर खरीखुरी ढोलकी. कार्यक्रम बसवणाऱ्या वहिनी पन्ह्याचे ग्लास भरत होत्या.

"वहिनी, आपलं कितवं गाणं?"

त्यांनी जग खाली ठेवला. "तुला सांगितलं नाही त्याने? अरे, मुलांना कुठे उचलायचं तेच कळेना. तुझं प्रत्येक गाणं सारखंच लागतं रे. तो म्हणाला, मी समजावतो त्याला."

"कधी म्हणाला?"

"तालमीनंतर लगेच. जाऊ दे, पन्हं घे."

म्हणजे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी मात्र नवा शर्ट इस्त्री करून आलो होतो.

गाणी झाल्यावर मी त्याला गाड्यांपाशी गाठलं.

"मेल्या, तोंडावर सांगायला काय धाड भरली होती?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि आता काय, पेढे वाटू?"

"अरे, आपल्या माणसाला सांभाळून घ्यायचं असतं. तू बाटली कधी ऐकलीस का? तुझा हात तेच ते वाजवायचा, मधल्या जागा मी भरायचो. गाणं बाटलीवर चालायचं, भावा."

सांभाळून घेणं! आपल्या लोकांत याला मोठा गुण मानतात. चुकीच्या सुराला मान डोलवायची, अळणी भाजीला वा म्हणायचं आणि माणूस उठून गेला की खरं बोलायला जमायचं. गावच्या पुढाऱ्यांवर मी याच गोष्टीसाठी पत्रकं काढली होती. ती मित्रावर काढायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

खोलीवर येऊन बाटलीशिवाय वाजवलं आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं. भलरीत धम्-चिक-टिंग. पाळण्यात धम्-चिक-टिंग. बाळ झोपायचं सोडून कवायत करेल.

मग मी इन्शुलेशन टेप घेतली आणि अंगठा तळव्याला चिकटवून टाकला. आधी ओळ गायची, मग गायलेला सूर तेवढाच नखाने हाणायचा. फटका नाही, टिंग नाही. मध्ये भोकं पडायची, ती तशीच ऐकायची. फार ओकंबोकं वाजायचं, खोलीतला एक जण म्हणाला, "पहिलंच बरं होतं." त्याच्यावर आता कोण विश्वास ठेवतो! काही आठवडे असे काढून टेप सोडली. पाळण्याच्या ओळीत एक शब्द दोन ठोक्यांच्या मधोमध पडतो. तिथे अंगठा पाचवीवर न जाता आपसूक खाली, दुसऱ्या तारेवर उतरला आणि तो शब्द वाजला. मी थांबून हाताकडे बघत राहिलो.

एका शुक्रवारी मित्र बिर्याणीचं पार्सल घेऊन आला. सवयीने बाटलीकडे वळला.

"हात लावू नकोस. नुसता ऐक."

मी पाळणा वाजवला.

"वा! वाघ आहेस—"

"खरं बोल, नाहीतर ते दार उघडं आहे."

त्याने पार्सल खाली ठेवलं. मग म्हणाला, "दुसऱ्या ओळीत घाई केलीस."

"आणखी?"

"वर चढताना सूर पुरता पोचला नाही. शेवटी परत जुना फटका आला. तुला कळला पण नाही तो."

एकदा सुटला तो थांबेना. गुडघ्यावर बोट आपटत एकेक जागा दाखवत गेला. प्रत्येक जागा बरोबर होती. हेच कान घेऊन हा माणूस वर्षभर, दर शुक्रवारी, माझ्यासमोर बसला होता.

"हे सगळं तेव्हाही ऐकू येत होतं?"

"येत होतं ना."

"मग?"

त्याने पार्सलची गाठ सोडली. "जेव आधी. गार होतंय."

मी जेवलो नाही. दुसऱ्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.