सावलीबाई आणि समुद्राकाठचं घर

आमच्या आर्किटेक्ट बाई कुठल्याही प्लॉटवर गेल्या की आधी जमिनीवर बसायच्या. खुर्ची आणली तरी नको म्हणायच्या. सकाळी बसल्या की ऊन उतरेपर्यंत तिथंच. मधूनमधून उठून, सावली जिथवर पोचली असेल तिथं चुन्याची फक्की टाकायच्या. गवंड्यांनी त्यांचं नाव सावलीबाई पाडलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

मी त्यांच्या ऑफिसात नकाशे काढायला होतो. ती दुष्काळाची वर्षं. शहराबाहेर चिकलठाण्याकडं इमारतींवर इमारती उठत होत्या आणि बांधकामाला पाणी टँकरचं. तरी जो तो काचेची भिंत मागायचा. बाई वैतागायच्या, "आधी काच लावा, मग पडदा लावा, मग एसी लावा. त्यापेक्षा सावलीला एक लिंब लावा की!"

अशात शहागंजातले कापडवाले सलीमभाई आले. त्यांच्या बायकोला, म्हणजे भाभींना, कोकणात माहेरची जागा मिळाली होती, अगदी समुद्राला लागून. पाण्याच्या वणवणीला कंटाळून दोघं तिकडंच राहायला जाणार होते. सलीमभाईंचं स्वप्न ठरलेलं होतं, "मॅडम, रेतीच्या टेकाडावर दो मंजिला बनाव. पूरा समुंदर दिखना."

"मला समुद्राचं काय कळतंय, सलीमभाई? मी कोरड्या गावची. आधी बघून तर येऊ," बाई म्हणाल्या.

बाई आणि मी कोकणात गेलो. टेकाडावर बसल्या बसल्या बाईंची छत्री वाऱ्यानं उलटी झाली. मग त्या गावात फिरल्या. जुनी घरं सगळी बुटकी, जांभ्या दगडाची, झाडांच्या आड. परत येऊन बाईंनी घर काढलं ते टेकाडाच्या मागं. उतरतं कौलारू छप्पर, रुंद ओटा, पुढचा केवडा आणि सुरूची झाडं जशीच्या तशी. समुद्र दिसेल तो झाडांमधून.

नकाशा बघून सलीमभाईंचा चेहरा पडला. "इतनी दूर जाके समुंदर का टुकडाच?"

"आपल्याला समुद्र दिसावा, हे खरं. पण समुद्राला आपण दिसलंच पायजे असं नाय," बाई म्हणाल्या.

दुसरा आर्किटेक्ट बघतो म्हणून ते तडक उठून गेले. ऑफिसात तेव्हा दुसरं मोठं काम नव्हतं. मी हळूच म्हणालो, "बाई, एक मजला वाढवून दिला तर?"

"तू राहणार हायेस का तिथं?"

मी नकाशा गुंडाळून ठेवला. काही दिवसांनी भाभी एकट्याच आल्या. नकाशा बराच वेळ न्याहाळून त्यांनी ओट्यावर बोट ठेवलं. "इथं बसून मच्छी साफ करता येईल?"

"त्यासाठीच ठेवलाय."

"मग हेच घर. यांना मी सांगते."

घर झालं, दोघं राहायलाही गेले. आणि काही वर्षांनी त्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं. टीव्हीवर मोडलेली झाडं दिसत होती, फोन लागत नव्हते. बाईंचं जेवणावरचं लक्ष उडालं. पेन्सिल हातात घ्यायच्या आणि ठेवून द्यायच्या. "माझ्या हट्टानं ते घर झालंय रे," एवढंच म्हणायच्या. अखेर एका दुपारी फोन वाजला. सलीमभाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता, "कौलां उड गए मॅडम, नारळ गिर गए. पन हम दोनों सलामत!"

बाई मटकन खुर्चीत बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "कौलांचं काय घेऊन बसलात? परत घालू!"

रस्ते मोकळे झाल्यावर आम्ही गेलो. टेकाड अर्धंअधिक समुद्रानं नेलं होतं. झाडांमागचं घर मात्र उभं होतं. सलीमभाई आम्हाला त्या तुटलेल्या कडेपाशी घेऊन गेले. "अपन इधर सोए होते, मॅडम," ते म्हणाले. आणि त्यांनी खाली पाण्याकडं बोट दाखवलं. बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, "चला, भाभी जेवायला थांबल्यात."

पुढं बाई थकल्या, ऑफिस बंद झालं, आता त्याही नाहीत. पण मला आठवतो तो त्या दिवशीचा परतीचा प्रवास. गाडीत कधी डोळा न मिटणाऱ्या बाई त्या दिवशी घाट लागायच्या आधीच गाढ झोपल्या. मी ड्रायव्हरला गाणी बंद करायला लावली. नगर मागं पडलं, हिरवं संपून पिवळा, उघडा माळ सुरू झाला, तेव्हा त्यांना जाग आली. काचेला कपाळ टेकून त्या बाहेर बघत राहिल्या.

"आलं आपलं," म्हणाल्या, आणि पुन्हा डोळे मिटले.